बेगमच्या अंगात आलं

शिवांजली सून म्हणून तेरखेड्यात आली, तेव्हा तिनं रुखवतात काय काय आणलं याची चर्चा गल्लीला आठवडाभर पुरली. कपाट आलं, मिक्सर आला, तांब्याचा बंब आला. पण बायका बोलत होत्या ते भलत्याच गोष्टीबद्दल. ती गोष्ट चार पायांवर चालत आली होती, उंबऱ्यावर बसून तिनं आधी आपली शेपटी चाटली होती, आणि तिचं नाव होतं बेगम.

हळदीच्या रंगाची मांजर. नळदुर्गात शिवांजलीच्या शेजारी तिची जिवाभावाची मैत्रीण उम्मेहानी राहायची, तिच्या घरच्या मांजरीचं हे पिल्लू. नावही उम्मेहानीनंच ठेवलेलं. पुढं उम्मेहानी जनावरांची डॉक्टर झाली, तिनं धाराशिवात दवाखाना टाकला. शिवांजलीचं तेरखेड्याच्या कृष्णराजशी लग्न झालं, आणि बेगमनं कुणाला न विचारता सासरी यायचं ठरवलं. पाठवणीच्या गाडीत मागच्या सीटखाली ती सापडली ती थेट येरमाळ्याला. आता तिथून काय परत पाठवता?

सासूबाईंचं नाव धुरपदाबाई. घरचा फटाक्यांचा छोटा कारखाना होता, गावाबाहेर शेडमध्ये. सासरे महारुद्र दिवसभर तिकडं, आणि नवरात्र ते दिवाळी तर ते घरात फक्त जेवायला उगवायचे. घरात राज्य धुरपदाबाईंचं. बाईंचं तोंडही त्याच कारखान्यातून तयार होऊन आलेलं, असं गल्ली म्हणायची, अर्थात बाई लांब असताना.

"घरात बाईमाणूस आलं ते ठीक. ही दुसरी कशाला?" असं त्या पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या. तरी वर्षभर त्यांनी बेगमला खपवून घेतलं. दूध पाजलं नाही, सोफ्यावर चढू दिलं नाही, पण हाकललंही नाही. मग भादव्यात पिसवा झाल्या.

पिसवा चावाव्यात कुणाला? कृष्णराज घोरत पडायचा, त्याला एक चावली नाही. शिवांजलीला नाही, महारुद्रांना नाही. सगळ्या पिसवा ठरवून धुरपदाबाईंच्या पोटऱ्यांवर. बाई अंगणात बसून कराकरा पाय खाजवायच्या आणि बेगमकडं बघायच्या. बेगम त्यांच्याकडं बघून डोळे मिटायची. त्यानं तर बाईंचं डोकं आणखीच फिरायचं.

घट बसायच्या आदल्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं. "शिवांजली, कान देऊन ऐक. दसऱ्याच्या आत ह्या पिसवा गेल्या तर तुझी ही बेगम ऱ्हाईल. न्हाय गेल्या, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी म्या सोता हिला नळदुर्गाच्या यष्टीत बसवीन."

शिवांजलीनं "बरं आत्या" म्हटलं, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली. हसू नका. नव्या घरात नवरा कितीही चांगला असला तरी त्याच्याशी बोलताना आवाज सांभाळावा लागतो, सासूशी बोलताना पदर सांभाळावा लागतो. काही न सांभाळता ज्याच्याशी बोलावं असं त्या घरात एकच कुणी होतं, आणि ते मांजर होतं.

कृष्णराजला बायकोचं रडणं सहन होत नसे. आता असा नवरा मिळायला भाग्य लागतं, पण त्याची एक खोड होती. तो मदत करायचा, आणि मदत अशी करायचा की नंतर दुसरी मदत बोलवावी लागायची. सातव्या माळेला सोमवारी तो टेम्पो घेऊन तालुक्याच्या गावी, वाशीला गेला, आणि येताना बाजारातून एक पट्टा घेऊन आला. बैलाच्या घुंगरमाळा, म्हशीची दावी, गोठ्याचं औषध असलं विकणाऱ्या दुकानातला. करड्या रंगाचा, उग्र वासाचा.

"ह्यो गळ्यात बांधायचा," तो छाती फुगवून म्हणाला. "गोचीड, पिसवा, समदं खल्लास."

"अहो, पाकिटावर कुत्र्याचं चित्र आहे," शिवांजली म्हणाली.

"मंग? कुत्र्याची काय आन् मांजराची काय, पिसू तर एकच हाय की!"

शिवांजलीला ते पटलं. खरं सांगायचं तर कुणालाही पटलं असतं. कृष्णराजनं पट्टा बेगमच्या गळ्यात बांधला, पट्ट्याचं लोंबतं टोक कात्रीनं उडवलं, आणि पाकीट दिवळीत फेकून जेवायला बसला.

बेगमला पट्टा आवडला नाही. ती मान झाडत फिरली, मागच्या पायानं गळा ओरबाडत राहिली. शिवांजली म्हणाली, होईल सवय. तिलाही नाही का, पहिले काही दिवस मंगळसूत्र टोचत होतं?

दुसऱ्या दिवशी मंगळवार. नवरात्रातला मंगळवार म्हणजे धुरपदाबाईंच्या घरी गल्लीतल्या सगळ्या बायका आरतीला. देवघरात घट बसलेला, धान वीतभर वर आलेलं, समई लागलेली, आणि माणसांची ही दाटी. पुढं शेजारच्या गजराबाई. त्या कुठंही पुढंच असायच्या. दारात टाळ घेऊन कृष्णराज. धुरपदाबाईंच्या गळ्यात आज तुळजापूरच्या आईची कवड्यांची माळ होती, कपाळी मळवट होता, आणि आवाज असा चढला होता की खुंटीवरची पिशवी हलत होती.

आरती ऐन रंगात आली आणि बेगम घटापुढं येऊन उभी राहिली.

आधी तिचे कान फडफडायला लागले. मग मिशा. मग मान अशी झाडायला लागली की बघणाऱ्याची मान दुखावी. तोंडातून लाळेची तार लोंबली, पाठीवरची कातडी थरथरली, आणि ती झोकांड्या देत घटाभोवती गोल फिरली. फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

टाळ थांबले. आरती थांबली. समईच्या उजेडात सगळ्या बायका टकमक बघत राहिल्या.

"अगं बया बया बया!" गजराबाईंनी छातीवर हात मारला. "धुरपदाबाय, घुमतीय की ही! आई आली हिच्या अंगात!"

आणि मग जो गलका झाला म्हणता! "आई राजा उदो उदो!" देवघर दणाणलं. एकीनं हळद टाकली, एकीनं कुंकू टाकलं, एकीनं ओटीचं खण-नारळ पुढं केलं. बेगम हळदीच्या रंगाची होतीच, आता तर तिचं काही वेगळं दिसेनाच.

धुरपदाबाई मात्र हलल्या नाहीत. हातात आरतीचं ताट, डोळ्यांत पाणी. वर्षभर ज्या मांजराला त्यांनी "हुड" करून उठवलं, त्याच मांजराच्या रूपानं आई दारी आली होती. त्यांनी ताट ठेवलं, पदर पसरला आणि बेगमपुढं डोकं टेकलं.

"चुकले गं आई! यष्टीत बसवीन म्हणले तुला! माझ्या जिभंला हाड न्हाय!"

मग त्यांनी आपल्या माळेतली एक कवडी सोडवली, लाल दोऱ्यात ओवली, आणि बेगमच्या गळ्यातल्या पट्ट्याला गाठ मारून बांधली. "आजपास्नं हिच्या गळ्यात आईची कवडी. ही माळ कुणी काढायची न्हाय. आन् ही ह्या घरातनं कुठं जायची न्हाय, मरंस्तवर!"

स्वयंपाकघराच्या दारात नैवेद्याचं ताट घेऊन शिवांजली उभी होती. बेगम कुठं जायची न्हाय, हे ऐकून आधी तिला उडी मारावीशी वाटली. देवी पावली! पिसू असो नाहीतर नसो, यष्टीबिष्टी सगळं रद्द! मग तिनं बेगमच्या डोळ्यांत बघितलं, आणि तिची उडी तिथंच राहिली. बेगमला ती पिल्लू होती तेव्हापासून ओळखत होती ती. हे डोळे देवीचे नव्हते, घाबरलेल्या लेकराचे होते.

गजराबाईंनी तोवर कौल लावायला सुरुवात केली होती. "आई, माझ्या अमरसिंहाचं लगीन कवा जमंल? पोरगी कुठल्या अंगाची?" बेगमनं झटका खाऊन तोंड फिरवलं. "उगवतीची! बघा, उगवतीकडं बघितलं! बार्शीची सोयरीक नगं म्हणून म्या सांगतच व्हते!"

शिवांजलीनं नैवेद्य ओट्यावर आदळला आणि परसात जाऊन उम्मेहानीला फोन लावला.

"थरथरतेय, लाळ गळतेय, चालता येत नाही," ती एका दमात म्हणाली. "आणि बायका तिला लग्नाची स्थळं विचारतायत!"

"काय खाल्लं तिनं?"

"काही नाही गं. काल पिसवांचा पट्टा बांधलाय."

"पाकिटावर चित्र कशाचं?"

"कुत्र्याचं."

उम्मेहानी नेहमी हळू बोलणारी. ती पलीकडून खेकसली. "या अल्लाह! शिवे, कुत्र्याचं औषध मांजराला विष असतं. कुत्र्याला पचतं, मांजराला नाही. आत्ताच्या आत्ता पट्टा काप. भांड्याच्या साबणानं मान धू, कोमट पाण्यानं. तेलबिल काही लावू नको. पुसून, गुंडाळून, वाशीला ने. तिथला डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे, मी फोन करते, तो थांबेल. आणि आवाज नको, उजेड नको, त्यानं झटके वाढतात. पळ!"

शिवांजली पळाली. बायकांतून वाट काढत बेगमपाशी बसली, पट्ट्याला हात घातला, आणि चटकन तिच्या हातावर धुरपदाबाईंची चापट पडली.

"खुळी का काय! अंगात आलेल्याला शिवायचं न्हाय, कळत न्हाय व्हय?"

"आत्या, ती आजारी आहे. त्या पट्ट्यानं..."

"आजारी?" गजराबाई फणकारल्या. "देवी आजारी म्हणतीय ही! आजकालच्या पोरी!"

शिवांजलीनं नवऱ्याकडं बघितलं. कृष्णराजला तिच्या डोळ्यांत सगळं दिसलं. पट्टा, पाकीट, कुत्र्याचं चित्र. तो पांढराफटक पडला. "आई," तो पुढं होऊन म्हणाला, "त्यो पट्टा काढूया का जरा? म्या चुकून कुत्र्याचा..."

"देवीपुढं कुत्र्याचं नाव घेतोस!" धुरपदाबाई कडाडल्या. कृष्णराज टाळ घेऊन पुन्हा दारात गेला.

बेगमचे मागचे पाय आता धडपणे उभे राहीनात. ती आडवी झाली, पाय झाडायला लागली, आणि बायकांचा उदोकार आणखी वाढला. बाहेर कुणीतरी म्हणालं, "आई आलीय, माळ लावा की हजाराची!" फटाक्याचं गाव ते. तिथं बारसं असलं तरी माळ लागते, मग देवी आल्यावर कोण थांबतंय? माचिस शोधायला पोरं पळाली.

शिवांजलीनं चारीकडं बघितलं. रडून उपयोग नव्हता, भांडून उपयोग नव्हता. ह्या घरात ह्या क्षणी सुनेचं कुणी ऐकणार नव्हतं. नवऱ्याचं ऐकत नव्हतं. मग ऐकणार कुणाचं?

तिनं अंबाडा सोडला.

नळदुर्गात लहानपणी घराच्या ओट्यावरून तिनं देवीच्या आराधी बायकांना घुमताना कितीदा बघितलं होतं. केस मोकळे, डोळे वर, श्वास नाकानं. तिनं तसा श्वास घेतला. एकदा, दोनदा. मग डोकं गरगर फिरवलं, आणि घशातून असा हुंकार काढला की समोरच्या दोघी मागच्या दोघींच्या मांडीत बसल्या.

"धुरपदे!"

गजराबाईंचा कौल अर्धाच राहिला. तेरखेड्यात आजवर धुरपदाबाईंना "धुरपदे" म्हणायची छाती त्यांच्या नवऱ्याचीही झाली नव्हती. बाईंनी झटकन हात जोडले.

"बोल आई!"

"ह्या मुक्या जिवाच्या गळ्यात काय बांधलंस?"

"तुझीच कवडी, आई."

"कवडी माझी! पट्टा कुणाचा?"

सगळ्या बायका दाराकडं वळल्या. कृष्णराजच्या हातातला टाळ खाली पडला. "वाशीच्या बाजारातला हाय, देवी," तो कसाबसा म्हणाला.

"मला काचतोय त्यो! जळजळ व्हतीय गळ्याला! काप!"

"आन् कवडी, आई?" धुरपदाबाईंनी विचारलं.

हे शिवांजलीनं ठरवलंच नव्हतं. पण आता थांबायची सोय नव्हती. "कवडी ह्या झाडाच्या गळ्यात घाल!" देवी जिच्या अंगात येते तिला झाडच म्हणतात; तिनं स्वतःच्याच छातीवर थाप मारली.

कृष्णराज कात्री घेऊन आला. पट्टा कचकन तुटला. खाली मानेवरची लव गेलेली, कातडी लालबुंद. ते बघून धुरपदाबाईंच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि ते देवीला उद्देशून नव्हतं. त्यांनी कवडी सोडवून सुनेच्या गळ्यात बांधली.

"आता लेकराला धुवा! कोमट पाणी! कढत नगं, गार नगं! आन् भांड्याचा साबण!"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. "आई," गजराबाईंनी भीत भीत विचारलं, "शिकेकाई चालंल का?"

"न्हाय! भांड्याचा!"

"मंग वरनं थोडं खोबऱ्याचं तेल..."

"तेलाला हात लावशील तर याद राख, गजरे!"

गजराबाई तेलाचं नाव पुन्हा घेणार नव्हत्या. जन्मात नाही. पातेलं आलं, पाणी आलं, साबण आला. धुरपदाबाईंनी मांडी घातली, बेगमला पदरात घेतलं, आणि अंगात आलेल्याला शिवायचं नसतं हे विसरून स्वतःच्या हातानं तिची मान चोळायला लागल्या. लेकराला न्हाऊ घालावं तसं चोळत होत्या. "व्हय गं माझे बाय, व्हय गं," असं पुटपुटत.

शिवांजलीनं घुमता घुमता एक डोळा उघडून ते बघितलं आणि लगेच मिटला.

"माळ पेटवू नका! एक बी फटाका वाजला तर म्या ह्या गावातनं उठून जाईन!" बाहेर पोरांनी पेटती काडी फुंकून विझवली. तेरखेड्यात फटाका लावू नका म्हणणारी देवी त्यांनी पहिल्यांदाच बघितली. "हिला गुंडाळा आन् वाशीला डॉक्टरकडं न्या!"

आता मात्र गजराबाईंना राहवलं नाही. "पर आई, तू सोता हितं असताना डॉक्टर कशाला?"

झालं! शिवांजलीची मान फिरता फिरता अडकली. काय सांगावं? सगळ्या बायका वाट बघतायत. मग तिला सुचलं, आणि ते खरंही होतं.

"डॉक्टरला म्या आधीच सांगून ठिवलंय!"

"उदो उदो!" बायकांनी कानाला हात लावले.

इथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण माणसाचं कसं असतं, सगळे ऐकतायत म्हटलं की जीभ थांबत नाही. "आन् घरी आल्यावर," शिवांजलीनं शेवटची गिरकी घेतली, "हिला सोफ्यावर बसू द्या!" आणि ती धाडकन आडवी झाली.

धुरपदाबाईंनी एक क्षण तिच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

मग सगळे टेम्पोत. पुढं कृष्णराज, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली बेगम मांडीवर घेऊन शिवांजली, मागं रिकाम्या हौद्यात धुरपदाबाई. त्या ऐकेचनात, मी येणार म्हणजे येणार. वाशीचा डॉक्टर खरोखरच दार उघडून उभा होता. ते बघून धुरपदाबाईंनी आभाळाकडं हात जोडले. त्यानं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, बेगमला दोन दिवस ठेवून घेतलं. "वेळेत आणलीत," तो म्हणाला. "पट्टा तसाच राहिला असता तर अवघड होतं." कृष्णराज भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. शिवांजलीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. रागवायचं तिनं नंतरसाठी राखून ठेवलं, आणि नंतर ती विसरून गेली.

दसऱ्याला बेगम घरी आली. मान अजून उघडी, पण शेपूट सरळ वर. गल्लीनं तिला आपट्याची पानं दिली, तिनं ती हुंगून सोडून दिली. पिसवांसाठी उम्मेहानीनं साधा इलाज सांगितला होता. अंथरुणं कढत पाण्यात धुवायची आणि रोज दाट फणीनं मांजर विंचरायचं. दुपारी शिवांजली माडीवरून कपडे घेऊन आली, तर सोफ्यावर धुरपदाबाई बसलेल्या, मांडीवर बेगम, हातात उवांची फणी. सापडली पिसू की पाण्याच्या वाटीत. "घे! चावतीस व्हय? घे!"

शिवांजली दारात थबकली. तिच्या गळ्यातली कवडी तिला मंगळवारपासून जड जड वाटत होती. ती सासूच्या पायाशी बसली, दोऱ्याला हात घातला.

"आत्या, ही कवडी परत घ्या. मला नको. माझ्या अंगात त्या दिवशी..."

"गप," धुरपदाबाई म्हणाल्या. फणी थांबली नाही. "आईला काय तिच्या लेकराचा जीव कळत न्हाय? जिच्या तोंडनं बोलायचं तिच्या तोंडनं बोलती ती. ऱ्हाऊ दे गळ्यात."

"पण तुमच्या माळेतली आहे ती."

"माझ्या तरी कुठली? मला माझ्या सासूनं दिलेली." बाईंनी एक पिसू वाटीत बुडवली. "कृष्णराजाच्या येळंला मला सातवा संपत आला व्हता. कारखान्याचं दिवाळीचं काम, माझी सासू काय माहेरी धाडंना. मंग एका मंगळवारी म्या घुमले. भर आरतीत. केस मोकळे सोडून."

शिवांजलीचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे तुमच्या अंगात खरंच..."

"तुझ्या आलं व्हतं का खरंच?"

शिवांजलीनं मान खाली घातली. बेगमनं जांभई दिली.

"दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुपून मला माहेरी धाडलं," धुरपदाबाई म्हणाल्या. "निघताना सासूनं आपल्या माळेतली कवडी काढून माझ्या गळ्यात बांधली."

"त्यांना कळलं नव्हतं?"

"कळलं व्हतं म्हणूनच बांधली की गं." त्यांनी फणी उलटी करून झटकली आणि पहिल्यांदाच सुनेकडं बघून गालात हसल्या. "फकस्त माझ्या टायमाला देवी एवढंच बोलली, माहेरी धाडा. सोफा मागितला न्हाय तिनं."

आणि त्यांनी सरकून बेगमच्या बाजूला सोफ्यावर सुनेला जागा करून दिली.